मदत हवी आहे : पोर्तोला जाणाऱ्या आई-बाबांना पोर्तुगीज रंगनामे कशी शिकवावीत?

नमस्कार,

माझे आई-बाबा येत्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाकडे पोर्तुगालमधील पोर्तो शहरात राहायला जाणार आहेत. भाऊ आणि भावजय दोघेही दिवसभर नोकरीवर असतात, त्यामुळे मेट्रोने फिरणे, बाजारहाट, औषधे आणणे, समुद्रावर जाणे ही सगळी कामे त्या दोघांना आपली आपणच करावी लागतील. दोघांनाही कामापुरते इंग्रजी येते आणि पोर्तोत ते बऱ्याच ठिकाणी चालून जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही रंगांची पोर्तुगीज नावे त्यांना यावीत असा माझा आग्रह आहे, कारण बाबांना लाल आणि हिरवा हे रंग जन्मापासून वेगळे ओळखता येत नाहीत. इथे त्यांचे त्यावाचून काही अडले नाही. सिग्नलचा वरचा दिवा कोणता आणि खालचा कोणता हे सवयीने कळते, आणि आंबा पिकला की नाही हे ते वासावरून सांगतात. अनोळखी देशात ही सवय पुरणार नाही. तिथे रंगाचे नाव वाचता आले, कोणी उच्चारले तर ओळखता आले आणि नेमके विचारता आले, तरच ते निर्धास्तपणे फिरू शकतील.

मी वहीत आतापर्यंत पुढील शब्द उतरवले आहेत : वर्मेल्यु म्हणजे लाल, वेर्द म्हणजे हिरवा, अझूल म्हणजे निळा, अमारेलु म्हणजे पिवळा, ब्रांकु म्हणजे पांढरा, प्रेतु म्हणजे काळा, सिंझेंतु म्हणजे करडा, कश्तान्यु म्हणजे तपकिरी, रोशु म्हणजे जांभळा, लारांझा म्हणजे नारिंगी आणि कोर द रॉझा म्हणजे गुलाबी. आता अडचण अशी आहे की एका ठिकाणी ‘अमारेलु’ दिसते तर दुसरीकडे ‘अमारेला’, एका ध्वनिफितीत ‘वेर्द’ ऐकू येते तर दुसरीत चक्क ‘वेर्जि’. वयाच्या सत्तरीत हे सगळे प्रकार पाठ करायला लावणे मला योग्य वाटत नाही. नेमके काय शिकवावे, काय सोडून द्यावे, आणि पोर्तोत रोजच्या व्यवहारात रंगावर काही अवलंबून असते अशा जागा कोणत्या, हे तिथे राहिलेल्या किंवा ही भाषा शिकलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद, ब्रागाहून

नमस्कार ताई. आम्ही पोर्तोपासून जवळच, ब्रागा शहरात राहतो आणि पोर्तोला आमचे वरचेवर जाणे असते. आपण बाबांचे कारण सांगितले ते फार चांगले केले, कारण त्यामुळे शब्दांचा क्रमच बदलतो. आधी लाल आणि हिरवा पक्के करा. जांभळा आणि तपकिरी मागाहून आले तरी चालतील.

मेट्रोपासून सुरुवात करतो. पोर्तोच्या मेट्रोत प्रत्येक मार्गाला एक रोमन अक्षर आणि एक रंग आहे. ए निळा, बी लाल, सी हिरवा, डी पिवळा, ई जांभळट आणि एफ नारिंगी. विमानतळाकडे ई मार्ग जातो, त्याच्या रंगाला इथे रोशु न म्हणता ‘व्हिउलेता’ म्हणतात. डी मार्ग दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून नदी ओलांडून पलीकडच्या गाया शहरात जातो. खरी काळजी घ्यायची ती शहराच्या मधल्या भागात, कारण त्रिंदाद स्थानकावर डी सोडून बाकीचे मार्ग एकाच रुळावरून धावतात. म्हणजे एकाच फलाटावर आधी लाल मार्गाची गाडी येते, जी पोव्वा द व्हार्झिं गावाकडे जाते, आणि तिच्या पाठोपाठ हिरव्या मार्गाची, जी माइयाकडे जाते. आपल्या बाबांना नेमके हेच दोन रंग सारखे दिसणार. त्यांना रंगाकडे बघूच नका म्हणावे. गाडीवरचे अक्षर आणि शेवटच्या स्थानकाचे नाव वाचायला सांगावे. मात्र वाटेत कोणाला विचारले तर लोक पटकन ‘लीन्या अमारेला’ किंवा ‘लीन्या वेर्द’ असेच सांगतात, म्हणून कानाला ही नावे सवयीची हवीत.

आणखी एक गोष्ट बाबांना नक्की आवडेल. मिगेल नेव्हा या पोर्तुगीज आरेखनकाराने रंगांधत्व असलेल्यांसाठी ‘कलरॲड’ नावाची चिन्हलिपी तयार केली आहे आणि पोर्तोच्या मेट्रोने ती वापरली आहे. निळ्यासाठी एक त्रिकोण, लालसाठी उलट दिशेचा दुसरा त्रिकोण आणि पिवळ्यासाठी तिरकी रेघ, एवढेच मुळाशी आहे. चित्रकलेच्या तासाला निळ्यात पिवळा मिसळून हिरवा करतो, तसे इथे निळ्याचा त्रिकोण आणि पिवळ्याची रेघ शेजारी आली की हिरवा होतो. निघण्यापूर्वी घरी बसून ही चिन्हे कागदावर काढून पाहिली, तर नकाशा वाचताना त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.

दुसरी महत्त्वाची जागा समुद्रकिनारा. मातुझीन्युशचा किनारा मेट्रोच्या निळ्या मार्गावरून चालत जाण्याइतका जवळ आहे, त्यामुळे ते तिथे जातीलच. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात आणि बावटा लावलेला असतो. हिरवा बावटा म्हणजे पोहायला हरकत नाही. पिवळा म्हणजे पाण्यात उतरता येते, पण पोहण्यास मनाई. लाल म्हणजे पाण्यात पाऊलही टाकायचे नाही. चौकड्यांचा बावटा असेल तर त्या वेळी किनाऱ्यावर जीवरक्षक हजर नाही असे समजावे. ‘बांदेइरा अझूल’ हा मात्र निराळा प्रकार आहे : तो किनाऱ्याच्या स्वच्छतेचा आणि सोयींचा दर्जा सांगतो, त्या दिवशीच्या लाटांविषयी काहीच सांगत नाही. अटलांटिकचे पाणी इथे थंड आहे आणि ओढही जोराची असते, म्हणून बाबांना एक वाक्य घोकून येऊ द्या : ‘आ बांदेइरा ए वेर्द ओ वर्मेल्या?’ म्हणजे बावटा हिरवा आहे की लाल? समोरचा एका शब्दात उत्तर देईल आणि तो शब्द त्यांना ओळखता येईल.

कचऱ्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांचेही सांगून ठेवतो, कारण घरी दिवसभर असणाऱ्यांकडेच ते काम येते. निळीत कागद आणि पुठ्ठा, पिवळीत प्लॅस्टिक आणि धातूची वेष्टने, हिरवीत काच. काचेच्या पेटीला बहुधा गोल भोके असतात आणि वर ‘व्हीद्रु’ असे लिहिलेले असते, तेवढे बाबांना पुरेल.

उच्चारांबाबत एकच सूचना. पोर्तो आणि आमचा मिन्यु प्रांत या भागात बरेच लोक ‘व’ चा ‘ब’ करतात. त्यामुळे दुकानदार ‘बेर्द’ किंवा ‘बर्मेल्यु’ म्हणाला, तर तो हिरवा आणि लालच म्हणतो आहे, हे त्यांना आधी सांगून ठेवावे. आपण ‘व’ म्हटले तरी कोणालाही कळते. वयस्कर माणसांकडून लालसाठी ‘इंकार्नादु’ हा शब्दही ऐकायला मिळेल.

दुसरा प्रतिसाद, पणजीहून

मी पणजीत पोर्तुगीज शिकले, आणि ‘अमारेलु’–‘अमारेला’ या प्रश्नाने मराठी माणसाने मुळीच घाबरू नये असे माझे मत आहे. आपण पिवळा सदरा आणि पिवळी साडी म्हणतो, पण लाल सदरा आणि लाल साडी म्हणतो. कोणते विशेषण बदलते आणि कोणते बदलत नाही याचा विचारही आपल्याला करावा लागत नाही. पोर्तुगीजचेही तसेच आहे. ‘उ’ ने संपणारे रंग स्त्रीलिंगी नामाबरोबर ‘आ’ ने संपतात : ब्रांकु–ब्रांका, प्रेतु–प्रेता, वर्मेल्यु–वर्मेल्या, अमारेलु–अमारेला. अझूल आणि वेर्द दोन्ही लिंगांत तसेच राहतात. रॉझा आणि लारांझा ही मुळात फुलाची आणि फळाची नावे असल्यामुळे ती वचनातही बदलत नाहीत. नपुंसकलिंग या भाषेत नाही, हा भार तेवढा कमी.

फरक दोन ठिकाणी लक्षात ठेवावा लागतो. रंग नामाच्या नंतर येतो, आणि नामाचे लिंग आपल्यासारखेच असेल याची खात्री नसते. आपण बस स्त्रीलिंगी मानतो, पोर्तुगालमध्ये ‘आउतुकार्रु’ पुल्लिंगी आहे, म्हणून ‘आउतुकार्रु अमारेलु’. यासाठी सुटा रंग पाठ करण्याऐवजी आई-बाबांना रोज लागणारी जोडीच पाठ करायला द्यावी. माला प्रेता म्हणजे काळी प्रवासी बॅग, पिमेंतु वर्मेल्यु म्हणजे लाल ढोबळी मिरची, शा प्रेतु म्हणजे आपला नेहमीचा चहा. जोडी तोंडात बसली की लिंग आपोआप बरोबर येते. आणि समजा चुकले, ‘माला प्रेतु’ म्हटले गेले, तरी कोणाचा गैरसमज होणार नाही. यासाठी त्यांना अडवू नये.

खाण्याच्या बाबतीत मात्र रंगाच्या नावावर विसंबून राहू नये, विशेषतः ती दोघे शाकाहारी असतील तर. ‘काल्दु वेर्द’ म्हणजे हिरवे सार. बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचे हे सार दिसायला निर्मळ असते, पण त्यात डुकराच्या मांसाच्या शोरीसु सॉसेजची चकती घालण्याची पद्धत आहे. गोव्यातल्या वाचकांना हा चोरीस परिचयाचा आहे. मागवण्याआधी ‘सें कार्न’, म्हणजे मांसाशिवाय, आहे का हे विचारावे. याउलट फेइजांउ वेर्द म्हणजे फरसबी, आणि तिला पिठात बुडवून तळतात तो ‘पेइशीन्युश दा ओर्ता’ हा पदार्थ नावात मासा असूनही बहुधा भाजीचाच असतो. बाजारात हिरवी द्राक्षे ‘ऊवश ब्रांकश’, म्हणजे पांढरी म्हणून मिळतात, आणि लाल वाइनला कोणीही वर्मेल्यु म्हणत नाही, तिला ‘तींतु’ म्हणतात. पोर्तोतला बोल्यांउचा बाजार 2022 मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाला आहे. तिथे ढिगांवरच्या पाट्या वाचत एक फेरी मारली तर सगळ्या वहीची उजळणी होईल.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. ‘प्रेतु’ हा शब्द वस्तूंसाठीच वापरावा. पोर्तुगालमध्ये एखाद्या व्यक्तीला उद्देशून तो अपमानकारक ठरतो. रांगेत कोणाकडे बोट दाखवून सांगायची वेळ आली तर माणसाच्या वर्णाऐवजी त्याच्या कपड्यांचा रंग सांगावा.

तिसरा प्रतिसाद, साओ पाउलोहून

ध्वनिफितीतला ‘वेर्जि’ आमचा, म्हणजे ब्राझीलचा. इकडे अझूलचा ‘अझूउ’ होतो, रॉझाचा ‘हॉझा’ होतो, तपकिरीला ‘माहों’ आणि करड्याला ‘सिंझा’ म्हणतात. आपल्या आई-बाबांसाठी पोर्तुगालचे उच्चार असलेल्याच ध्वनिफिती निवडाव्यात. पुढे ब्राझीलला येणाऱ्या कोणी हा धागा वाचला तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी नोंदवतो. कचऱ्याच्या पेट्यांचे रंग इथे वेगळे आहेत. 2001 च्या राष्ट्रीय ठरावानुसार लाल प्लॅस्टिकसाठी आणि पिवळा धातूसाठी आहे, निळा आणि हिरवा मात्र तोच. आणि औषधाच्या खोक्यावर लाल पट्टा असेल तर ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, काळा पट्टा असेल तर ते कडक नियंत्रणाखालचे औषध आहे.

मूळ धागाकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वहीतील यादी बाजूला ठेवून आता जोड्या लिहायला घेतल्या आहेत, आणि कलरॲडची चिन्हे बाबांनी स्वतःच कार्डावर काढली. एक शंका राहिली. बाबा रक्तदाबासाठी सकाळी पांढरी आणि रात्री गुलाबी गोळी घेतात आणि घरी आम्ही त्यांना रंगानेच ओळखतो. औषधाच्या दुकानात हे कसे सांगावे?

ब्रागाहून पुन्हा

ताई, वाक्य असे होईल : ‘तोमु उ कोंप्रिमीदु ब्रांकु द मान्यां, इ उ कोर द रॉझा आ नोइत.’ सकाळी पांढरी गोळी घेतो आणि रात्री गुलाबी. डॉक्टरांशी किंवा औषधवाल्याशी बोलताना ते उपयोगी पडेल, पण औषध घेण्यासाठी त्यावर विसंबू नये. तेच औषध दुसऱ्या कंपनीचे असेल तर गोळीचा रंग वेगळा असू शकतो आणि पोर्तोत गुलाबीच्या जागी पांढरी हातात पडू शकते. निघताना डॉक्टरांकडून मूळ औषधद्रव्याचे नाव आणि मात्रा रोमन लिपीत लिहून घ्यावी, रिकाम्या पाकिटांसह ती चिठ्ठी बाबांच्या पाकिटात ठेवावी, आणि नव्या गोळ्या मिळाल्या की सकाळ–रात्र असे खोक्यावर भावाकडून मराठीत लिहून घ्यावे. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस असतो. बाबांनी त्याचा आकार पाहिला तरी दुकान सापडेल, आणि नाहीच सापडले तर ‘फार्मासिया’ एवढे विचारावे.