धर्मगुरूने सार्वजनिक लढ्याचे नेतृत्व करावे काय?

प्रश्न : बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, येशू शिष्यांचे पाय धुतो. वसईची जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्व कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले, ते याच सेवेचा भाग मानावे की धर्मगुरूने वेदीपुरतेच राहावे?

प्रतिसाद 1 : बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथात, 34व्या अध्यायात, कळपाऐवजी स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना देव जाब विचारतो, आणि तो जाब राज्यकर्त्यांइतकाच आपल्या चर्चमधील पदाधिकाऱ्यांनाही लागू आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

प्रतिसाद 2 : सहमत, मात्र धर्मगुरूने पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नये. दिब्रिटो 2020मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा काहींचा विरोध त्यांच्या लेखनाला नव्हे, धर्मगुरूच्या झग्याला होता.

प्रश्नकर्ता : पक्ष आणि पाणी यांतला हा फरक मला पटतो.