व्हर्मायरवर तुम्ही कोणाला मागे सोडलंत? गेममधल्या निर्णयांचे अनुभव

काल संध्याकाळी चिवड्याचे पोहे भाजत होते आणि बाहेरच्या खोलीतून लेक ओरडला, "आई, केडन की अॅशली? पटकन सांग!" झारा हातातच राहिला माझ्या. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून त्याने मास इफेक्ट लेजंडरी एडिशन (अंतराळातल्या गेमचे तिन्ही भाग एकत्र) लावलंय हे माहीत होतं पण इतक्यात व्हर्मायर ग्रहावर, जिथे या दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं, तिथे पोचेल असं वाटलं नव्हतं.

२००८ चा जून-जुलै. मी बाळंतपणाला नाशिकला माहेरी, आठवा महिना, पाय सुजलेले, आई काही करू देत नव्हती आणि धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला. त्याने मित्राकडून पहिला मास इफेक्ट आणला होता. माऊस त्याच्या हातात, पण काय बोलायचं ते ठरवायची मी, असं आमचं वाटप. गोळ्या त्याने झाडायच्या, माणसं मी सांभाळायची. सहा आठवड्यांत नॉर्मंडी या आपल्या यानावरची सगळी माणसं मला घरच्यासारखी झाली होती, अॅशलीला तर तीन धाकट्या बहिणी, तिच्या आजोबांनी शांक्सी या वसाहतीत शरणागती पत्करली म्हणून अख्ख्या घराण्यावर डाग, ती प्रत्येक ठिकाणी दुप्पट काम करून दाखवणारी. मग व्हर्मायर आलं. एक जण बॉम्बपाशी अडकलेला, एक जण सलारियन या परग्रहवासीयांच्या तुकडीबरोबर, आणि यान एकाचकडे जाऊ शकतं. भाऊ म्हणत होता केडनवर सगळे पॉइंट्स घातलेत ताई, विचार कर. मी अॅशली म्हटलं. लगेच म्हटलं. आणि मग रडत बसले, आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं कळा सुरू झाल्या.

आणि लाईट गेली. लोडशेडिंग. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, सेव्ह केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सोनोग्राफीला गेले तेव्हा भावाने तो भाग एकट्याने परत खेळला, केडनला वाचवला आणि पुढे गेला. तीच सेव्ह २०१० ला दुसऱ्या भागात गेली, तीच २०१२ ला तिसऱ्यात. म्हणजे आमच्या घरात अॅशली चार वर्षं नव्हतीच. मी वाचवलेली अॅशली कुठल्याच फाईलमध्ये नाही, पण माझ्यासाठी तीच खरी. भावाशी त्यावरून भांडले नाही तेव्हा, पण विसरलेही नाही.

तुमचे असे निर्णय असतील तर लिहा ना. विज्ञानकथेचा कुठलाही गेम चालेल. गोष्ट फुटायची काळजी करू नका, सतरा वर्षं झाली आता.

— नाशिकची द्राक्षं

रानवाटा
रेक्स, तो क्रोगन जातीचा परग्रहवासी साथीदार. अजून त्रास होतो.
पहिल्या भागात व्हर्मायरवरच त्याला बंदूक खाली ठेवायला लावली होती मी, त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून आणून दिलेलं म्हणून ऐकलं त्याने. मग पीसीत व्हायरस आला, दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारला. दुसरा भाग नवीन शेपर्ड (म्हणजे आपला नायक) घेऊन सुरू केला, काय फरक पडतो म्हटलं. क्रोगनांच्या टुचांका ग्रहावर पोचलो तर गादीवर भलताच क्रोगन, रीव्ह. जुनी सेव्ह नसेल तर गेम आपल्या बाजूने ठरवून टाकतो की रेक्स मेला, रॅक्नाय राणी मारली, कौन्सिलही गेलं. मी न घेतलेले सगळे निर्णय माझ्या नावावर. तिथेच बंद केला. मग नेटवर एका अनोळखी माणसाची सेव्ह मिळाली, त्याने सगळं माझ्यासारखंच केलं होतं, फक्त त्याच्या शेपर्डच्या डोळ्यावर व्रण होता. तोच शेवटपर्यंत चालवला. कोण होता देव जाणे, चांगला माणूस होता.

तिखटमीठ
पोहे जळले का ते सांगा आधी!!

नाशिकची द्राक्षं
@तिखटमीठ थोडे लालसर झाले, चालून गेले. पातळ पोहे होते ना.
@रानवाटा बापरे, वाचून पोटात कालवलं. रेक्स गादीवर बसलेला असतो आणि "शेपर्ड!" म्हणत उठून येतो तो क्षण हुकला तुमचा.

रानवाटा
नाही ना, त्या अनोळखी माणसाच्या कृपेने मिळाला :)

स्टेथो
ड्यूटी संपवून बसमधून लिहितेय, चुका पोटात घाला.
मॉर्डिन, तो सलारियन शास्त्रज्ञ. मी डॉक्टर असल्यामुळे असेल पण दुसऱ्या भागात ओमेगा या अंतराळस्थानकावर साथ चालू असताना तो दवाखाना चालवत असतो ना, दाराशी रांग, स्वतःशी बडबड करत भराभर हात चालतायत, मी इंटर्नशिप करत होते तेव्हा, आमचे एक सर अगदी अस्सेच. आणि याच माणसाने जेनोफाज, म्हणजे क्रोगनांची संख्या रोखणारा रोग, नव्याने घडवलेला. हजारात एक मूल जगतं क्रोगनांचं. म्हणजे मारत नाही कोणी कोणाला, फक्त पाळणे रिकामे. मी त्याच्याशी प्रत्येक मिशननंतर जाऊन बोलायचे, तो आकडेवारी देऊन समजावायचा की हे नसतं केलं तर परत युद्ध झालं असतं, आणि मला ते पटायचं हो. खरंच पटलेलं.
म्हणून तिसऱ्या भागात सलारियन बाईने सांगितलं की जेनोफाजवरचं औषध बिघडवून टाक, आमचं सैन्य देते, तेव्हा मी हो म्हटलं. विचार करून. माझ्याकडे रीव्ह होता गादीवर, रेक्स नव्हता, रीव्हच्या हातात कोट्यवधी क्रोगन द्यायचे ही भीती खरी होती. मग मनोऱ्यापाशी मॉर्डिनला कळतं. तो म्हणतो मी वर जाऊन दुरुस्त करणार. वर गेला की तो परत येणार नाही हे दोघांनाही माहीत. तो पाठ करून लिफ्टकडे निघाला, कोपऱ्यात लाल खूण चमकायला लागली. दाबलं की शेपर्ड गोळी घालते. इतका वेळ सगळे युक्तिवाद माझ्या बाजूने होते आणि बोट हललं नाही. खूण विझली. तो वर गेला.
तेव्हापासून मी वॉर्डात आकडेवारी सांगताना समोरच्याकडे बघून सांगते. अजून खूप लिहायचं आहे, स्टॉप आला.

पाऊलवाट
@स्टेथो नि:शब्द.

कोकणकन्या
@स्टेथो +१. रेक्स आणि ईव्ह (ती क्रोगन स्त्री) दोघंही नसतील तर मॉर्डिनला परत फिरवता येतं म्हणे, तो वाचतो. मी कधी करून बघितलं नाही, त्यासाठी आधी बाकी सगळं बिघडवावं लागतं.

शेजारच्या काकू
मुलगा कितवीत आहे? सतरा म्हणजे बारावीच ना? बारावीला गेम देता?

नाशिकची द्राक्षं
@शेजारच्या काकू हो बारावीच. दिवाळीचे चार दिवस, रोज दोन तास, त्याचं त्याने ठरवलंय आणि पाळतोय. आणि खरं सांगू, गेल्या दोन वर्षांत आम्ही मार्क सोडून कशावर इतकं बोललो नव्हतो.

शेजारच्या काकू
मग ठीक आहे. आमचा जेवताना मान वर करत नाही. नाव काय म्हणालात गेमचं? त्याला विचारून बघते.

सव्वाआठची_लोकल
मी नीटनेटका माणूस. घरी सुद्धा एक काम संपल्याशिवाय दुसरं घेत नाही. तर दुसऱ्या भागात कलेक्टर नावाचे शत्रू येऊन नॉर्मंडीवरची सगळी माणसं उचलून नेतात, इंजिनिअर, स्वयंपाकी, केली, सगळे. त्यांच्या तळाकडे जायचा रस्ता, ओमेगा ४ रिले, तिथेच समोर आहे, लगेच जाता येतं. मी म्हटलं आधी राहिलेली बारीक कामं संपवू, तयारी पूर्ण करू, मग जाऊ. इतर सगळे गेम थांबतात ना आपल्यासाठी, जगबुडी पण थांबते. हा नाही थांबला. चार-पाच मिशन्स करून गेलो तर फक्त डॉ. चॅकवास जिवंत, तिने मला विचारलं कुठे होतात. केली रोज माझे निरोप सांगायची, माझे मासे सांभाळायची. खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.
दोन वर्षांनी बाबांचा फोन आला की जरा बरं वाटत नाहीये, सवडीने ये. ऑफिसचं काम अर्धं टाकून त्याच रात्री गाडी पकडली. बाबा बरे आहेत, ठणठणीत. पण ती गाडी मी पकडली ती कशामुळे हे मला माहितेय, म्हणून इथे लिहिलं.

नाशिकची द्राक्षं
@सव्वाआठची_लोकल बाबांना नमस्कार सांगा.

उणे तीस
आम्ही एडमंटनला राहतो, जिथे हा गेम बनला ते गाव. थंडीत इथे सहा महिने बाहेर पडवत नाही, त्यामुळे माणसं घरात बसून आख्खी आकाशगंगा रचतात यात नवल नाही. @स्टेथो तुम्हाला आवडेल, बायोवेअर १९९५ मध्ये सुरू करणारे डॉक्टरच होते, इथल्याच अल्बर्टा विद्यापीठातून शिकलेले.
२०१२ चा गोंधळ आठवतोय का कोणाला? तिसऱ्या भागाचा शेवट. नाश, ताबा किंवा संयोग, तीन रंग, आणि लोकांचं म्हणणं की एवढे शेकडो निर्णय घ्यायला लावले आणि शेवटी फरक काय तर रंग. चाहत्यांनी स्टुडिओला ४०० च्या वर कपकेक पाठवले, निळे, हिरवे, लाल, आणि आत सगळ्यांची चव एकच. ते मग गरजू मुलांच्या निवाऱ्याला दिले गेले. त्याच लोकांनी आजारी मुलांच्या खेळण्यांसाठी ८० हजार डॉलरच्या वर गोळा केले. राग आला तर असा यावा. जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट दिला त्यांनी. मला मात्र पहिला शेवट पण चालला होता, कारण माझा निरोप आधीच झाला होता, सिटाडेल स्थानकावर उंचावर बसून गॅरस या जुन्या साथीदाराबरोबर बाटल्या उडवल्या तेव्हा. मी मुद्दाम नेम चुकवला. तो इतका खूश झाला!

कोकणकन्या
सगळेच चुकवतात तो नेम!! मी पण.

तिखटमीठ
मी नाही चुकवला. मैत्रीत खोटेपणा कशाला. पण आता वाईट वाटतंय.

पाऊलवाट
बायोवेअरच्याच एका माजी डिझायनरने २०२० ला सांगितलेलं की ९२ टक्क्यांच्या आसपास लोक चांगुलपणाच्याच बाजूने खेळले. एवढी मेहनत करून दुष्ट संवाद लिहिले, रेकॉर्ड केले आणि कोणी फिरकलंच नाही तिकडे. मला हा आकडा फार आवडतो. कोणी बघत नसताना, काही शिक्षा नसताना.

मडगावकर
मास इफेक्ट नाही खेळलो, डेट्रॉइट बिकम ह्यूमन चालेल का. २०३८ सालचं डेट्रॉइट, यंत्रमानव जागे होतात, तीन पात्रं, कोणीही कधीही मरू शकतं आणि गोष्ट पुढे चालू राहते. पण माझी गोष्ट त्यातली नाहीच, मेन्यूमधली आहे. गेम लावला की पडद्यावर क्लोई नावाची यंत्रमुलगी येते, आपल्याशी बोलते, कालचं काय झालं विचारते. आजी माळ घेऊन शेजारी बसायची, तिला वाटायचं की ही बातम्या देणारी. रोज तिला म्हणायची, "बाय, जेवलीस गो?" गेम संपल्यावर क्लोई म्हणते मला जायचंय, जाऊ द्याल का. मी आजीला अर्थ सांगितला. आजी म्हणाली विचारतोस काय, जाऊ दे तिला, परक्याची पोर किती दिवस ठेवणार. सोडलं. मागे वळून गेली ती. दुसऱ्या दिवशी लावलं तर मेन्यू रिकामा, नुसती खोली. आजी पुढे किती दिवस विचारायची, पोचली का रे ती घरी. मी पोचली म्हणायचो.

शेजारच्या काकू
किती गोड आजी.

बोगदा
सोमा नावाचा गेम. २०१५. तिथे निर्णयाने गोष्टीत काहीच बदलत नाही, बक्षीस नाही, कोणी नंतर उल्लेखही करत नाही, म्हणून जास्त लागतो. नायकाचं मन नव्या सूटमध्ये उतरवतात, डोळे उघडतो आणि समोर खुर्चीत जुना तू झोपलेला. आवाज येतो, हे झालं का, का नाही झालं. तोही तूच आहेस. त्याची बॅटरी काढायची की अंधारात समुद्राच्या तळाशी जागा होऊ द्यायचा. मी काढली. दयेने काढली असं मला वाटलं. बायको म्हणाली त्याला विचारायला हवं होतंस. आठ वर्षं झाली लग्नाला, एवढं एकच वाक्य मला अडलंय तिचं.

कोकणकन्या
परत मास इफेक्ट. टाली या क्वेरियन साथीदाराच्या खटल्यात मी तिच्या वडिलांचा पुरावा सगळ्यांसमोर ठेवला होता. सत्य म्हणून. ती नको नको म्हणत होती. ती सुटली, पण वडिलांचं नाव काळं झालं आणि तिचा माझ्यावरचा विश्वास गेला. तिसऱ्या भागात रॅनॉक ग्रहावर क्वेरियन आणि त्यांनीच बनवलेले यंत्रमानव गेथ यांच्यात समेट करायला मी जिवाचं रान केलं, जमेना, एकालाच वाचवता येत होतं. मी गेथ निवडले. टालीने मुखवटा काढला आणि कड्यावरून…  सत्याची घाई कोणासाठी केली होती मी, तिच्यासाठी की माझ्यासाठी, यावर बहिणीशी एकदा रात्री दोन वाजेपर्यंत बोलले. परत खेळले तेव्हा कोर्टात पुरावा दाबून नुसती ओरडले त्या अॅडमिरलांवर, आणि पुढे समेट झाला. तरी पहिलीच लक्षात आहे.

चहा_बिस्कीट
साध्या लॅपटॉपवर चालेल का हा, ग्राफिक्स कार्ड नाही वेगळं

रानवाटा
@चहा_बिस्कीट लेजंडरी एडिशन नाही चालणार नीट. जुना पहिला भाग चालेल कदाचित, लिफ्ट फार हळू आहेत तेवढं सहन करा. त्या लिफ्टमध्येच सगळे एकमेकांशी बोलतात, ते ऐका.

सव्वाआठची_लोकल
@नाशिकची द्राक्षं मूळ प्रश्न राहिलाच. लेकाने कोणाला वाचवलं शेवटी? तुम्ही काय सांगितलंत त्याला?

नाशिकची द्राक्षं
काही नाही सांगितलं. तोंडावर आलं होतं, अॅशली. पण मग २००८ चं तेच झालं असतं, ठरवायची मी आणि खेळणार दुसरा. म्हटलं तुझी माणसं आहेत, तू बघ.
त्याने अजून ठरवलेलं नाही! काल रात्रीपासून तो पर्याय तसाच पडद्यावर आहे, तिथे वेळेचं बंधन नसतं ना. आज सकाळी मामाशी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास यावर चर्चा, मामा अजून केडनचे पॉइंट्स मोजतोय, आणि मधेच त्याने भाच्याला सांगून टाकलं की त्या दिवशी तुझ्या आईने दुसरीला वाचवलं होतं आणि मी मुद्दाम ती नसताना बसलो. मुद्दाम! सतरा वर्षांनी कळलं मला. मी पाठमोरी करंज्या भरत होते, वळले नाही.
लॅपटॉपवर लेकाने चिठ्ठी चिकटवून ठेवलीये, कोणीही हात लावू नका.

तिखटमीठ
चार्जर लावलाय ना पण?

नाशिकची द्राक्षं
थांबा बघून येते