सतरा वर्षांखालचा भारत आणि आपण: नागपूरकरांचे अनुभव

३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादेत भारताच्या सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाने इराणला २-१ असे हरवले आणि २०२६ मध्ये सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई चषकात स्थान मिळवले. त्या रात्री मोहननगरातील आमच्या घरी जमलेल्या सात-आठ जणांमध्ये जुन्या सामन्यांचा विषय निघाला, तेव्हा लक्षात आले की प्रत्येकाने वेगळा सामना मनात जपला आहे आणि बहुतेकांना गोलसंख्या चुकीची आठवते आहे. जामठ्याच्या मैदानावरील क्रिकेटच्या आठवणी नागपुरात न मागताही मिळतात. फुटबॉलच्या, आणि त्यातही कुमारवयीन राष्ट्रीय संघाच्या आठवणी मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

भारताचा मुलांचा कोणताही कुमार संघ अजून पात्रता फेरी जिंकून विश्वचषकात पोहोचलेला नाही. २०१७ मध्ये आपण खेळलो ते यजमान म्हणून. मुलींच्या बाबतीत २०२२ मध्येही तेच घडले. हे वास्तव मान्य करूनच हा धागा सुरू करीत आहे. आपण स्वतः पाहिलेल्या, ऐकलेल्या किंवा वाचलेल्या एखाद्या सामन्याविषयी आणि त्याचा आपल्या खेळाशी, मैदानाशी, घराशी आलेला संबंध याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

कामठीहून, निवृत्त रेल्वे कर्मचारी

इराणचे नाव वाचल्यावर मला लिहिणे भागच होते. १९७४ च्या एप्रिलअखेरीस बँकॉकमध्ये आशियाई युवा स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला, तो २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. आपला कर्णधार हैदराबादचा शब्बीर अली होता आणि प्रशिक्षक अरुण घोष होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमच्या कामठीत फुटबॉल छावणीमुळे रुजला असे माझे वडील सांगत आणि रब्बानीच्या मैदानावर संध्याकाळी जागा मिळणे कठीण असे. सामना पाहण्याची सोय नव्हतीच. दोन दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर काही ओळी आल्या, त्या वडिलांनी मला मोठ्याने वाचायला लावल्या आणि मग मैदानावर नेऊन मोठ्या मुलांसमोर पुन्हा वाचायला लावल्या. ते कात्रण मी वहीत चिकटवले होते. १९९० च्या सुमारास घराला वाळवी लागली, त्यात ती वही गेली.

भारताच्या युवा संघाने आशियाई पातळीवर मिळवलेले ते एकमेव विजेतेपद आहे आणि त्याला एक्कावन्न वर्षे उलटून गेली. आजच्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती नम्रपणे ऐकून घेतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास स्पष्ट दिसतो. माझ्याकडे दाखवायला कागद असता तर बरे झाले असते, असे त्या वेळी वाटते.

धंतोलीहून, बँकेत नोकरी

९ ऑक्टोबर २०१७ रोजी मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये होतो. अमेरिकेविरुद्धचा पहिला सामना आपण ०-३ असा गमावला होता, त्यामुळे आदल्या दिवशी नागपूर स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना मुलाने मला विचारले की हरणार असूनही आपण का जात आहोत. मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. आपल्या देशाचा संघ फिफाच्या विश्वचषकात खेळताना पाहण्याची संधी माझ्या वडिलांना मिळाली नाही आणि मलाही पुन्हा मिळेल याची खात्री नाही, एवढेच मी म्हणालो.

समोर कोलंबिया होता. पहिल्या अर्धात आपली मुले अजिबात दबली नव्हती. मध्यंतराच्या अगदी आधी राहुलने मारलेला चेंडू गोलखांबावर आदळून परत आला, तेव्हा आमच्या संपूर्ण बाजूचे लोक उभे राहिले होते आणि नंतर बराच वेळ कोणी खाली बसले नाही. मध्यंतरानंतर चारच मिनिटांत पेनालोझाने गोल केला. त्यापुढचा अर्धा तास मला गोलरक्षक धीरज सिंगमुळे आठवतो. आपण पाहत होतो त्या कोनातून निश्चित गोल वाटणारे चेंडू त्याने अडवले आणि प्रत्येक वेळी उठून तो आपल्या बचावपटूंना जागा दाखवत राहिला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या वागण्यातली ती स्थिरता मी आजही विसरलेलो नाही.

८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनने कॉर्नर घेतला आणि जॅक्सन सिंगने सगळ्यांपेक्षा उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताने केलेला तो पहिला गोल होता. माझ्या शेजारी एक वृद्ध सरदारजी होते, ज्यांच्याशी तोवर आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. त्यांनी माझ्या मुलाला उचलून घेतले. त्यांनी त्याला खाली ठेवण्याच्या आतच कोलंबियाने मध्यावरून खेळ सुरू करून दुसरा गोल केलेला होता. मुलाने तो गोल पाहिलाच नाही. फलकावर १-२ दिसल्यावर त्याला वाटले की चूक झाली आहे.

पुढे घानाकडून आपण ०-४ असे हरलो आणि तीन सामन्यांत एक गोल करून व नऊ स्वीकारून आपली स्पर्धा संपली. परंतु मला त्या एका मिनिटाविषयीच लिहायचे आहे, कारण माझ्या मुलाने नंतर मैदानावर जी गोष्ट गांभीर्याने शिकली ती त्याच मिनिटातून आली. गोल झाल्यावर आनंद व्यक्त करून झाला की आपापल्या जागी धावत परतायचे आणि पुढची दोन मिनिटे दुप्पट लक्ष द्यायचे, हे तो आता आपल्या महाविद्यालयाच्या संघात लहान मुलांना सांगतो. आम्ही दिल्लीला का गेलो, हा प्रश्न त्याने पुन्हा विचारलेला नाही.

प्रतापनगरहून, क्रीडाशिक्षक

२०१७ च्या त्या विश्वचषकासाठी खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर झालेला असणे आवश्यक होते. माझ्या शाळेत एक मध्यरक्षक होता, ज्याच्याइतका शांतपणे चेंडू पुढे देणारा मुलगा मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. त्याचा जन्म २९ डिसेंबर १९९९ चा. तीन दिवसांचा फरक. तो राष्ट्रीय संघात निवडला गेलाच असता असा माझा दावा नाही, पण निवड चाचणीच्या रांगेत उभे राहण्याचाही त्याला हक्क नव्हता. त्याचे वडील एके दिवशी शाळेत आले आणि दाखल्यावरची तारीख बदलता येईल का, असे त्यांनी अतिशय संकोचाने विचारले. हमाली करणारा तो गृहस्थ अप्रामाणिक नव्हता. इतरत्र असे होते हे त्याने ऐकले होते आणि ते खरेही होते. मी नकार दिला. त्या नकाराचा मला पश्चात्ताप नाही, परंतु त्यांचा जाताना दिसलेला चेहरा माझ्यासोबत राहिला आहे.

वाचकांपैकी अनेकांना माहीत नसेल म्हणून लिहितो. सतरा वर्षांखालील स्पर्धांमध्ये आता मनगटाची एमआरआय तपासणी होते. मनगटाजवळच्या हाडाचे वाढीचे टोक पूर्णपणे जुळलेले दिसले, तर त्या खेळाडूचे वय सतराहून अधिक असल्याचे मानले जाते. म्हणजे कागदावरचे वय कमी करून आणलेला मुलगा जिल्हा आणि राज्य पातळीवर ट्रॉफ्या जिंकून देतो, खऱ्या वयाच्या मुलाची जागा घेतो आणि आंतरराष्ट्रीय पातळीच्या दाराशी येऊन बाहेर पडतो. मागे राहिलेल्या खऱ्या वयाच्या मुलाने तोवर खेळ सोडलेला असतो. आपल्या राष्ट्रीय संघाच्या निकालांवर बोलताना प्रशिक्षक, आहार, उंची यांची चर्चा होते. या गळतीची पुरेशी होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक निरीक्षण. २०१७ च्या एकवीस जणांच्या संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती, तर महाराष्ट्रात वाढलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने पाहायला हजारो लोक जमतात आणि लहान मूल त्या गर्दीतच खेळ शिकते. आपल्या विदर्भात सुब्रतो चषकाच्या शालेय फेऱ्या संपल्या की चौदा वर्षांच्या मुलाला वर्षभरात किती खरे सामने मिळतात, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वहीत मोजून पाहावे. माझ्या वहीत गेल्या वर्षी अकरा निघाले.

सदरहून

माझा अनुभव छोटा आहे. २०१८ च्या सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत, मलेशियात, आपल्या मुलांनी व्हिएतनामला १-० असे हरवले आणि इराण व इंडोनेशियाशी गोलशून्य बरोबरी साधली. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने ६७ व्या मिनिटाला एक गोल केला. संपूर्ण स्पर्धेत आपण स्वीकारलेला तो एकमेव गोल होता आणि तेवढ्यामुळे पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचे दार बंद झाले. मी स्वतः शाळेच्या संघाचा गोलरक्षक होतो. गोलरक्षक नीरज कुमारविषयी त्या रात्री मला जे वाटले ते मी कोणाला सांगू शकलो नव्हतो, म्हणून येथे लिहिले.

बेझनबागहून, पदवीची विद्यार्थिनी

मला मुलींच्या संघाविषयी लिहायचे आहे, कारण वर कोणीही लिहिलेले नाही. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर भारत विरुद्ध अमेरिका हा सामना होता आणि मी तेव्हा सोळा वर्षांची होते, म्हणजे मैदानावरच्या मुलींच्याच वयाची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले होते आणि ही स्पर्धा हातातून जाणार, असे सुमारे दहा दिवस वाटत होते. ती वाचली म्हणून आमच्या सरावाच्या गटातील नऊ मुली माझ्या घरी जमल्या. आईने सगळ्यांसाठी पोहे केले होते.

आपण ०-८ असे हरलो. चौथ्या गोलनंतर दोन मुली उठून घरी गेल्या. बाकीच्या शेवटपर्यंत बसल्या, आणि मला आठवते की आम्ही कोणीही आपल्या मुलींना दोष दिला नाही, कारण आम्हाला पडद्यावर नेमके काय चालले आहे ते दिसत होते. चेंडू आपल्याकडे येण्याआधी अमेरिकेच्या मुली मान वळवून आजूबाजूला पाहून घेत होत्या. आपल्या मुली चेंडू आल्यावर पाहत होत्या. हा फरक जिद्दीचा नव्हे. लहानपणापासून मिळालेल्या सामन्यांचा तो फरक आहे. मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असे हरल्यावर तीन सामन्यांत सोळा गोल आणि आपला एकही नाही, अशी नोंद झाली. कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील एका गावातून आली होती. शेजारच्या एका काकूंनी मला विचारले की इतके गोल खाण्यासाठी मुलींना कशाला पाठवतात, आणि त्या रात्री मी खूप रडले.

म्हणून २०२५ मधील दोन निकाल मला मुद्दाम नोंदवायचे आहेत. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनमध्ये यजमान म्यानमारला १-० असे हरवून वीस वर्षांनी आशियाई चषकात प्रवेश मिळवला. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनी बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी जिंकून प्रथमच आशियाई चषक गाठला. यजमानपदाची जागा कोणी दिलेली नव्हती. मी आता सकाळी रविनगरच्या मैदानावर दहा ते तेरा वर्षांच्या मुलींना शिकवते आणि आमचा पहिला सराव चेंडूचा नसतो, मान वळवून पाहण्याचा असतो.

इतवारीहून, व्यापारी

ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाच्या त्याच वयोगटाच्या संघाला २-१ असे हरवले. दीपक टांगरीने सुरुवातीलाच गोल केला, दुसऱ्या अर्धात अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळाल्याने आपण दहा जणांवर आलो, आणि तरीही अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल केला. अर्जेंटिनाच्या त्या संघाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी होते, ज्यांनी २०२२ मध्ये आपल्या देशाला विश्वचषक जिंकून दिला. मी हा निकाल दुकानात बसून मोबाइलवर वाचला आणि खरा मानायला तासभर घेतला. त्या दिवशी ग्राहकांना पेढे वाटले. तो निमंत्रितांच्या स्पर्धेतील सामना होता, आशियाई चषकातील नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. पण जर्सीवर तेच नाव होते आणि आपण दहा जण होतो.

पुन्हा प्रतापनगरहून

वरील नोंदीला जोडून एक. २०२३ मध्ये थायलंडमधील सतरा वर्षांखालील आशियाई चषकात आपण जपानकडून ४-८ असे हरलो. लोकांना आठ लक्षात राहतात. त्याच जपानने पुढे ती स्पर्धा जिंकली, आणि त्यांच्याविरुद्ध आपल्या मुलांनी एकाच सामन्यात चार गोल केले होते. मी तो सामना मुलांना तुकड्या-तुकड्यांनी दाखवतो: आधी आपले चार, मग त्यांचे आठ.

मानकापूरहून, अभियंता

मी कामानिमित्त अहमदाबादेत होतो, म्हणून ३० नोव्हेंबरचा सामना प्रत्यक्ष पाहू शकलो. आपल्याला विजयच हवा होता. इराणने पहिला गोल केला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतील शाळकरी मुले एकदम गप्प झाली. मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टी मिळाली आणि दल्लालमुओन गांगटेने ती चुकवली नाही. दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला गुनलेईबा वांगखेइराक्पमने दुसरा गोल केला, आणि त्यानंतरची जवळपास चाळीस मिनिटे इराण चढाई करत राहिला व आपली मुले चेंडू दूर लोटत राहिली. धंतोलीच्या बंधूंनी लिहिलेले ते गोलनंतरचे एक मिनिट मला तेव्हा आठवायला हवे होते. मी फक्त घड्याळाकडे पाहत होतो. शिट्टी वाजल्यावर प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांना मुलांनी घेरले आणि बरीचशी मुले मैदानावरच झोपली. ती सगळी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली आहेत.

कामठीच्या काकांसाठी एक निरोप आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडण्यापूर्वी मी अहमदाबाद स्थानकावर तीन वर्तमानपत्रे विकत घेतली होती, एक गुजराती, एक हिंदी आणि एक इंग्रजी, आणि तिन्हींत ही बातमी आहे. ती मी घडी न मोडता ठेवली आहेत. काका, येत्या रविवारी सकाळी मी कामठीला येतो आहे. रब्बानीच्या मैदानावर भेटू. वही मात्र आपण नवी आणावी.