धुऱ्यावरच्या कळलावीची लागवड करावी का?

आर्णीकडचा_शेतकरी:
राम राम मंडळी. आमचं वावर जंगलाला लागून आहे, धुऱ्यावर बोरीच्या काट्यात दर पावसाळ्यात कळलावीचे वेल येतात, पोळ्याच्या आसपास फुलं अशी पेटतात का रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. आता यूट्यूबवर एक जण सांगून राहिला का याचं बी औषध कंपन्या घेतात, एकरी लाखो भेटतात. तं मी म्हटलं कपाशीतलं अर्धा एकर काढून हेच लावावं. माय म्हणते उपटून फेक, घरात भांडणं लागतात. कोणी लावली आहे का? बी टाकलं तं चालते का कंदच लागतो?

बरड_जमीन:
भाऊ, जमीन कोणती ते सांगितलंच नाही तुम्ही. काळी भारी असंल तं विसरा, पाणी साचलं का कंद सडते. मुरमाड, निचऱ्याची पाहिजे. बी टाकलं तं उगवायलेच लय वेळ लावते अन् फुलावर यायले तीन-चार वर्षं, म्हणून कंदच लावतात. कंद नांगराच्या आकाराचा असते, दोन बोटं फुटल्यासारखा, अन् प्रत्येक बोटाच्या टोकाले एकच डोळा. ते टोक काढताना मोडलं का गेला तो तुकडा कामातून. आडवा ठेवून लावा, जूनमध्ये. पानाचं टोकच वळून आधार पकडते, म्हणून बांबू किंवा तार पाहिजेच.

आता हिशोब करा. ६० बाय ४५ सेंटिमीटरवर अर्ध्या एकरात ७,५०० च्या आसपास कंद बसतात, एक कंद ५०-६० ग्रॅमचा धरला तरी चार क्विंटल झाले. एवढे आणता कुठून? धुऱ्यावरचे सगळे खणून काढाल तं पुढच्या साली फुलंही नाही अन् वेलही नाही.

पीएचसीतली_ताई:
भांडणाचं सोडा दादा, विषाचं बोला. कंद, बी, पानं, सगळ्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. रताळं समजून कंद खाल्लेले लोक मेलेले आहेत. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, लोकांना वाटतं साधं फूड पॉयझनिंग आहे, घरीच थांबतात, अन् तोवर किडनी, रक्तपेशी सगळं बिघडत जातं. वाचलेल्यांचे केस आठ-पंधरा दिवसांनी झडतात. यावर ठरलेला उतारा सहज भेटत नाही, त्यामुळे थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, अन् झाडाचा तुकडा सोबत न्यायचा. बाळंतपण लवकर व्हावं म्हणून कंदाचा लेप लावायची जुनी पद्धत आहे ना, तीही कृपया करू नका. घरात लहान लेकरं, बकऱ्या असतील तर मी तरी लावणार नाही.

कृषी_लास्ट_इयर:
ताईंशी सहमत, पण औषध खरंच बनतं, गाऊट म्हणजे सांधे सुजायच्या दुखण्यावर कोल्चिसिनच्या गोळ्या देतात. आपण खातो ते बिनबियाचं टरबूज आहे ना, त्याच्या ब्रीडिंगमध्येही हेच वापरतात. शेती मोठी आहे ती तामिळनाडूत, दिंडीगुल-करूरकडं, तिथं ते राज्याचं फूलही आहे. पण व्हिडिओवाला एक गोष्ट सांगत नाही. या फुलात मादीचा दांडा काटकोनात बाहेर वळलेला असतो, परागकण आपोआप नीट लागत नाहीत, म्हणून रोज सकाळी माणसं हातानं परागण करत फिरतात. शेंगा तयार व्हायला लावणीपासून साडेपाच-सहा महिने. कापूस वेचायला माणसं भेटत नाहीत आपल्याकडं, याला कुठून आणणार? अन् बी घेणारा व्यापारी लेखी तयार असल्याशिवाय एक कंदही विकत घेऊ नका, कंद विकणारेच "आम्ही माल परत घेऊ" म्हणून सांगतात अन् नंतर फोन उचलत नाहीत.

आर्णीकडचा_शेतकरी:
बाप्पा, हाताने परागण! जमीन काळीच आहे भाऊ. मंग कपाशीच ठेवतो, धुऱ्यावरची राहू देतो. ताई, बकऱ्या आहेत घरी, त्या बाजूनं काट्याचं कुंपण केलं तं भागंल का का वेलच काढा लागंल?

पीएचसीतली_ताई:
कुंपण चालेल, पण वेल बाहेर लोंबू देऊ नका. अन् लेकरांना कंद दाखवून ठेवा, हात लावायचा नाही म्हणून.