मदत हवी आहे: नवीन लग्न झालेल्या मुस्लिम जोडप्यांकडून प्रश्नावली भरून घेताना अडलेय

सलाम, नमस्कार सगळ्यांना. मी एमए सायकॉलॉजी करतेय, प्रोजेक्टचा विषय नवविवाहित मुस्लिम जोडप्यांचा स्वभाव आणि एकमेकांशी जुळवून घेणं, जोडपी आमच्याच रत्नागिरीकडची कोकणी मुस्लिम. स्वभावासाठी बिग फाइव्हची (स्वभावाचे पाच मुख्य पैलू मोजणारी) ६० प्रश्नांची टेस्ट घेतलीये, ती होते भरून, पण वैवाहिक समायोजनासाठी स्पॅनिअरची १९७६ ची ३२ प्रश्नांची स्केल आहे ना, तिथे घोडं अडलंय. त्यात धर्म, पैसे, सासूसासऱ्यांशी वागणं वगैरे ठीक, पण जोडीदाराचं चुंबन किती वेळा घेता असाही प्रश्न आहे! परवा एका घरी नवरी फॉर्म भरतेय, शेजारी सासू तांदूळ निवडतेय, आणि त्या प्रश्नावर ती पेन तसंच धरून माझ्याकडे बघत बसली, शेवटी सासूच म्हणाली, "लिही गो, सगळं बरं आहे म्हणून."

दुसरं म्हणजे बरेच नवरे निकाहनंतर महिन्या-दीड महिन्यात परत कुवेत नाहीतर दुबईला, मग "दोघं मिळून काय काय करता" याला उत्तर काय देणार, व्हिडिओ कॉल धरायचा का? स्कोअर कमी आला तर दोष स्वभावाचा की व्हिसाचा, मला तरी व्हिसाचाच वाटतो.

कुणी या स्केलचं मराठी किंवा उर्दू भाषांतर वापरलंय का? दोघांना वेगवेगळं बसवून कसं भरून घेतलंत? आणि एखादा प्रश्न गाळला तर १५१ पैकी स्कोअर कसा धरायचा, गाइड विचारणारच. रमजानच्या आधी निदान वीस जोडपी उरकायचीयेत.