फोटो पाहून ‘डायनासोरचं अंडं’ ठरवणारे आपण कोण?

गोंडवन:
काल इथे एकाने वरोऱ्याकडच्या शेतातल्या गोल दगडाचा फोटो टाकला आणि ‘हे काय असेल?’ एवढंच विचारलं. तासाभरात निकाल लागला: डायनासोरचं अंडं, १०० टक्के. एकाने वर ‘कुणाला दाखवू नका, लाखाला जाईल’ असा सल्लाही दिला. दगड कोणत्या थरातला, आसपास चुनखडी आहे की काळा पाषाण, कवच दिसतं का, हे कुणीही विचारलं नाही.

अहो, वरोऱ्याजवळच पिसदुरा आहे! तिथल्या शेतांत डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते. त्याच विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे २००५ साली जगापुढे आलं. म्हणजे हा गोटा अंडं नसूनही अंड्याहून मोलाचा असू शकतो. किंवा नुसता बसाल्टही, म्हणजे आपला काळा पाषाण, असेल. तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडत गोल गोटे करतो. एका फोटोत हे सगळं सारखंच दिसतं. अंड्याचं कवच जेमतेम काही मिलिमीटरचं असतं. खात्री करायची तर त्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रांची रचना बघावी लागते. हे काही न करता ‘१०० टक्के’ लिहायला हात कसा धजतो?

तापीकाठ:
व्याख्यान वाचलं. आता सांगा, साध्या माणसाने जायचं कुठे? मी एका महाविद्यालयात शिंपल्याचा जीवाश्म घेऊन गेलो होतो. ‘सर नाहीत, ठेवून जा’ म्हणाले. ठेवला. पुन्हा गेलो तर कुणाला पत्ताच नाही. तेव्हापासून मी फोटोच टाकतो, निदान वस्तू घरात राहते.

आणि हौशी लोकांना एवढं खाली बघू नका. नागपूरचा हिस्लॉप मिशनरी होता. त्याच्याकडून गेलेल्या विदर्भातल्या मांगलीच्या कवटीला, एका प्राचीन उभयचराच्या, १८५५ साली इंग्लंडच्या ओवेन या शास्त्रज्ञाने ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. धार जिल्ह्यातल्या अंड्यांवरच्या २०२३ च्या शोधनिबंधात बाकानेरच्या शाळेतले विशाल वर्मा सहलेखक आहेत.

गोंडवन:
ही दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. ओवेनपुढे कवटी होती आणि ती मांगलीची हे माहीत होतं. धारच्या निबंधात ९२ घरटी आणि २५६ अंडी आहेत. अंडी जागेवर होती म्हणून घरटी मोजता आली. तीच २५६ घरांतल्या शोकेसमध्ये गेली असती तर ‘घरटं’ हा शब्दसुद्धा लिहिता आला नसता. मी हौशी माणसाच्या विरोधात नाही, उचलाउचलीच्या विरोधात आहे.

तापीकाठ:
मग भीमबेटकाचं काय? तिथे तर तज्ज्ञच होते. गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया सापडला म्हणून २०२१ मध्ये केवढा गाजावाजा झाला, ५५ कोटी वर्षांपूर्वीचा जीव म्हणे! २०२३ मध्ये कळलं की ते आग्या मोहोळाच्या पोळ्याचे अवशेष. आम्ही चुकलो की अडाणी आणि ते चुकले की संशोधन?

भूजल_सोलापूर:
चूक कळली कशी तेही सांगा ना. दुसरे भूशास्त्रज्ञ त्याच जागी गेले आणि पोळं खडकावरून सुटताना त्यांनी पाहिलं. सनाजेह या सापाच्या जीवाश्माचंही तसंच. गुजरातचा तो दगड भूशास्त्रज्ञ मोहबे यांनी १९८७ मध्ये डायनासोरचं पिल्लू म्हणून मांडला. २००१ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ विल्सन यांना त्यात सापाचे मणके दिसले आणि २०१० मध्ये घरट्यात शिरलेला साप म्हणून त्याला नाव मिळालं. दगड नोंदीसकट जपलेला होता म्हणून चूक दुरुस्त झाली. फोटोवरचं ‘१०० टक्के’ कोण दुरुस्त करणार?

वैशाली_नाशिक:
सगळ्यांत चांगलं जतन पाडल्याच्या लोकांनी केलं. धार जिल्ह्यातलं गाव. ते गोल दगडांना काकड भैरव म्हणून शेताच्या राखणीसाठी पूजत होते, आणि २०२३ मध्ये कळलं की ती डायनासोरची अंडी आहेत. आमच्या देवघरात सासूबाईंचा शाळिग्राम आहे, तोही अमोनाइटच, म्हणजे प्राचीन समुद्री जीवाच्या वळणदार शंखाचा जीवाश्म. पिढ्यान्‌पिढ्या कुणी विकला नाही.

तर्कनिष्ठ:
झालं, आला देव! त्याच अंड्यांपुढे नारळ फोडतात, त्यांना शेंदूर फासतात. याला जतन म्हणायचं? शास्त्राच्या चर्चेत अंधश्रद्धेची भलामण नको.

वैशाली_नाशिक:
शेंदूर धुता येतो हो, विकलेलं अंडं परत आणता येतं का? ज्यांच्याकडे भूशास्त्राचं एक पुस्तक नव्हतं त्यांनी ते मोडलं नाही की बाजारात नेलं नाही. ‘लाखाला जाईल’ लिहिणारा मात्र शिकलेला होता. त्याला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि गावकऱ्यांवर तुटून पडलात!

तर्कनिष्ठ:
मुद्दा फिरवू नका. पूजा केली म्हणून अंडं कळलं नाही, लखनौच्या जीवाश्म अभ्यासणाऱ्या संस्थेचे लोक आले तेव्हा कळलं.

वैशाली_नाशिक:
आणि ते येईपर्यंत तिथे काही शिल्लक होतं ते कुणामुळे? याचं उत्तर द्या, मग मला अंधश्रद्ध म्हणा.

तापीकाठ:
ताईंचं बरोबर आहे. आणि गोंडवन, जागेची नोंद हवी एवढं तुमचं मान्य, तेवढंच. पण नांगराखाली किंवा क्रशरमध्ये जाणारी वस्तू मी तुमच्या सूक्ष्मदर्शकाची वाट बघत सोडणार नाही. भूवारशाच्या, म्हणजे जीवाश्म आणि खडकांच्या जतनाच्या, कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये आला होता. त्यात आमच्यासारख्यांनी वस्तू कुणाकडे द्यायची आणि पावती कोण देणार, हे आधी ठरू द्या.

गोंडवन:
पावतीची मागणी रास्त आहे, ती मी तुमच्याबरोबर करीन. पण उचलण्याआधी मोजपट्टी ठेवून जागेवरच चार बाजूंनी फोटो घ्यायला कुणाची पावती लागत नाही.

वरोरा_शेतकरी:
फोटो मीच टाकला होता. दगड घरी आणलाय. जागा लक्षात आहे, बांधाच्या खाली, लाल चिकण मातीत. असे आणखी आहेत. आता हा परत नेऊन ठेवू का?

भूजल_सोलापूर:
परत ठेवू नका, धुऊ नका, घासू नका. कागदात गुंडाळून वर गट क्रमांक, तारीख आणि मातीचा रंग लिहा. बाकीच्यांना हात लावू नका, फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, पण ते इथे जाहीर टाकू नका. ‘लाखाला’वाले वाचताहेत.