सैराटमधल्या आर्चीचं प्रेम सांगणं आणि एकाएकी पळून जाणं तुम्हाला पटतं का?

सीनाकाठ:
राम राम मंडळी. विषय जुना हाय, पण काल रात्री घरात यावरून लई वाद झाला म्हणून इथं टाकायलोय. पुतणी लातूरला शिकायला असते, सुट्टीला आली होती, टीव्हीवर सैराट लागला आन सगळेच बसलो बघत. मी पहिल्यांदा 2016 च्या मे महिन्यात बार्शीला जाऊन बघितला होता. आमच्या परंडा तालुक्याला बार्शी जवळ, आन पिक्चर तर पलीकडं करमाळ्याच्या बाजूला शूट झालेला, त्यामुळं ऊस, विहिरी, बोलणं सगळं घरचंच वाटलं होतं. तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. आता माझी स्वतःची पोरगी सहा वर्षांची हाय, कदाचित म्हणून असंल, काल दोन गोष्टी गळ्याखाली उतरंनात.

एक म्हणजे आर्चीचं प्रेम सांगणं. एवढ्या मोठ्या पाटलाची लेक, भर वर्गात त्या दुसऱ्या जातीच्या पोराकडं, परश्याकडं, सरळ बघत बसती. चिठ्ठ्या परश्याच्या असतील पण पुढाकार सगळा तिचा. आपल्याकडं असं होतं का? पोरगी मान वर करून बघाय लागली तरी चार जणी घरी सांगून येतात. आन दुसरी म्हणजे ते पळून जाणं. ट्रॅक्टर चालवती, बुलेट चालवती, पोलिसाला उलटं बोलती इतकी हुशार पोरगी, आन निघताना ना पैसा, ना कपडा, ना कुणाचा पत्ता? पुढं काय होईल याचा एक मिनिट इचार करू नये? मला वाटतं इथं लेखकाला गोष्ट हैदराबादला न्यायची होती म्हणून तिला घाईघाईनं गाडीत बसवलं. पुतणी म्हणली, काका तुम्हाला कळलाच नाही पिक्चर. म्हणून इचारायलो, तुम्हाला पटतं का?

नांदेडकर:
भाऊ, पहिल्या गोष्टीवर मी तुमच्या बाजूनं नाही. प्रेम सांगणं पटतं ते रिंकू राजगुरूमुळं. ती पोरगी तेव्हा शाळेत होती, पण तिच्या बघण्यात लाजण्याबिजण्याचं नाटकच नाही. राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला तो उगं नाही झाला. ती बघती म्हणजे हुकूम सोडल्यावानी बघती, त्यामुळं पुढं तोंडानं सांगितलं काय आन नाही काय.

हैदराबादचं मात्र घाईघाईचं वाटू देऊ नका. करमाळा तालुक्यातलं जेऊर आन केम ही दोन स्टेशनं मुंबई-सोलापूर लाइनवर हायेत, तीच लाइन पुढं वाडी जंक्शनवरून हैदराबादला जाते. धावती गाडी पकडली तर माणूस एक तर पुण्या-मुंबईला लागतो नाहीतर सोलापूर-हैदराबादला. पुण्याला नात्यातली निम्मी माणसं असतात, तिथं लपायचं कसं? आन मराठवाड्यातल्या माणसाला तर हैदराबाद परकं वाटतच नाही, 1948 पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात. आमचे आजोबा दवाखान्याला, कापडाला तिकडंच जायचे.

मला खटकतं ते वेगळंच. पकडल्या गेल्यावर दोघांनी थोडं थांबून बेत करायला पाहिजे होता असं मलाही वाटतं. हिंदीत धडक काढला 2018 ला, उदयपूरवरून पळून कोलकात्याला, तिथं तर पळणं अजूनच हवेतलं वाटतं, कारण जातीचं नावच नीट घेतलेलं नाही. इथं निदान भीती कशाची ते दिसतं.

बालाघाट_ताई:
दादा, तुम्ही पोरीचे बाप म्हणून इचारलं, मी पोरीची आते म्हणून उत्तर द्यायले. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

आर्ची एवढी बिनधास्त का, हे आधी बघा. ती धीट जन्मली म्हणून नाही, तिच्या मागं तिचा बाप, तात्या, हाय म्हणून. गावात तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही. तिच्या भावानं, प्रिन्सनं, भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवली आन घरी त्याला कुणी रागावलं नाही, उलट कौतुकच झालं, हे त्याच घरात तिनं बघितलेलं. त्या गावात न भिता प्रेम सांगू शकणारी एकच पोरगी होती आन ती पाटलाचीच असणार. परश्याच्या आळीतली एखादी पोरगी भर वर्गात अशी बघत बसली असती तर मलाही पटलं नसतं. पण आर्चीला वाटतं की या गावात आपलं चालतं. तिला हे कळत नाही की बुलेट दिली म्हणजे नवरा निवडायची मुभा दिली असं नसतं. प्रिन्सच्या वाढदिवसाच्या रात्री दोघं गाडीत सापडतात तेव्हा तिला ते पहिल्यांदा कळतं, एका रात्रीत.

आता पळण्याचं. तुम्ही म्हणता पैसा नाही कपडा नाही. दादा, नीट आठवा. दोघं एकदा पळालेले असतात, पोलीस धरून आणतात, परश्यावर आन त्याच्या दोस्तांवर बलात्काराची खोटी केस घातली जाते. आर्ची ठाण्यात जाऊन तो कागद फाडती, मी माझ्या मर्जीनं गेले म्हणती. सगळ्यांदेखत बापाला खोटं पाडलं तिनं. त्यानंतर त्या वाड्यात तिला जागा राहिली का? मग पोरांना सोडल्यावर तात्याची माणसं वाटेत त्यांना बेदम मारायलेत, तेव्हा ती त्यांच्यातल्याच एकाचं पिस्तूल घेऊन उभी राहती. ज्या पोरीच्या हातात पिस्तूल हाय तिला तुम्ही पिशवी भरली का म्हणून इचारायलात.

माझ्या मामेबहिणीचं सांगते, नाव-गाव सांगत नाही, डोंगरावरचं गाव हाय एवढंच. बारावीला होती, अठरा नुकतीच झालेली. पोरगा गावातलाच, दुसऱ्या जातीचा. प्रेम तिनंच सांगितलं, आन कुठं सांगितलं तर येष्टीत. तिचा फाटा येईपर्यंत गप बसली, कंडक्टरनं घंटी मारली तशी उठली, त्याच्या शिटापाशी वाकून दोन वाक्य बोलली आन उतरून गेली. पोरगं पुढच्या गावापर्यंत तसंच बसून. नंतर मी तिला म्हणलं, अगं एवढ्या घाईत? तर म्हणली, माय, माझ्याकडं दिवसातनं तेवढाच वेळ होता. कॉलेज सुटल्यावर येष्टी, येष्टीतनं उतरलं की वेशीपाशी चुलता उभा. पिक्चरमधी तीन मिनिटात सांगितलं की तुम्हाला झटपट वाटतं, आमच्याकडं तीन मिनिटं मिळाली तर लई झाली.

पुढं मोबाइल सापडला. चार दिवसात पाहुणे बघून गेले, सुपारी फुटली. तिला दारासमोर बसवून ज्वारी निवडायचं काम दिलं, म्हणजे नजरेसमोर राहील. ती चार दिवस ज्वारी निवडायली. पाचव्या दिवशी मामी चुलीपाशी गेली आन माघारी आली तर सूप तिथंच. अर्धी ज्वारी निवडलेली, खड्यांचा छोटासा ढीग बाजूला, आन चपला उंबऱ्याजवळ तशाच. अनवाणी गेली होती. गाव म्हणलं एकाएकी पळाली. अहो, चार दिवस ती दारात बसून रस्ता बघायली होती आन घरातले समजायले की पोरीचं कामात मन लागलं.

तीन दिवसात सापडली. पंधरा दिवसात दुसरीकडं लग्न. सैराट लागला की ती टीव्ही बंद करती.

कोर्टाबाहेरचा_टायपिस्ट:
ताई, वाचून गलबलून आलं. मी कायद्याच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण रोज अशी पोरं माझ्या टेबलाशी येतात आणि सगळे त्यांना म्हणतात की पळता कशाला, सरळ कोर्ट मॅरेज करा ना.

तर ते सरळ नसतं. 1954 चा विशेष विवाह कायदा लावायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस देण्याआधी दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलेला असावा लागतो. ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात बोर्डावर लागते आणि पुढचे 30 दिवस हरकतीसाठी. जिल्ह्याच्या गावात बोर्डावर नाव लागलं की संध्याकाळपर्यंत घरी कळतं. म्हणून जे हिंदू आहेत ते 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं आळंदीला वगैरे जाऊन विधी करतात आणि मग नोंदणी, त्यात ही महिन्याची नोटीस नाही. पण पोरीला 18 आणि पोराला 21 पूर्ण लागतातच. कॉलेजातल्या बऱ्याच जोड्या इथंच अडकतात, पोरगी सज्ञान असते पण पोराची लग्नाची 21 भरलेली नसतात. आर्ची-परश्या आधी पळतात आणि लग्नाची नोंदणी नंतर, हैदराबादला बस्तान बसल्यावर करतात, हा क्रम मला तरी अगदी खरा वाटला.

घरचे तोवर पळवून नेल्याची फिर्याद देतात. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतली कलमं 363 आणि 366. पोरीचा जबाब काय होतो त्यावर पोराचं सगळं आयुष्य लटकलेलं असतं. आर्ची ठाण्यात जे करते ते म्हणून नुसतं टाळ्यांसाठी नाही. मी असे जबाब टाइप केलेत. बाप समोरच्या बाकावर बसलेला, आई पदर तोंडाला लावून, आणि पोरीला विचारतात, मर्जीनं गेलीस का? दहातल्या किती जणींच्या तोंडून "हो" निघत असेल. सज्ञान माणसांनी लग्न करायला घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात सुरक्षित निवारा करा, हे सुप्रीम कोर्टानं मार्च 2018 मध्ये शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवरच्या निकालात स्पष्ट सांगितलं. सैराट त्याच्या दोन वर्ष आधीचा. त्या दोघांनी जायचं कुठं होतं, सांगा.

नांदेडकर:
टायपिस्ट भाऊ, हे मला माहीत नव्हतं. मग मी बेत करायला पाहिजे होता म्हणलो ते मागं घेतो.

एक अजून सुचलं. हैदराबादला गेल्यावर आर्चीचा तो सगळा रुबाब कुठल्या कुठं जातो बघा. झोपडपट्टीतली खोली, घाण वास, स्वैपाक येत नाही, भाषा येत नाही, रडत बसती. आसरा देणारी सुमन अक्का भेटली नसती तर पहिल्याच रात्री सगळं संपलं असतं. ताई म्हणल्या ते इथं पटतं, तो रुबाब तात्याच्या शिवारापुरताच होता. घाईघाईनं पळाल्याची सगळी किंमत पिक्चर तिच्याकडून वसूल करतो, म्हणजे लेखकानं उगं गाडीत बसवलं नाही तिला.

सीनाकाठ:
सगळ्यांचे आभार. ताईंचं लिहिलेलं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, बायको मधीच उठून आत गेली.

पळण्याचं मला आता पटलं. ठाण्यातला कागद फाडल्यावर वाडा बंद झाला हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, मी आपला पिशवी शोधत बसलो. प्रेम सांगण्याचं अजून पूर्ण नाही पटलं, खरं सांगतो. एकांतात सांगितलं असतं तर पटलं असतं, येष्टीतलं पटतं, भर वर्गातलं बघणं मला अजून पिक्चरचंच वाटतं. पुतणी शेजारी बसून म्हणायली की काका, वर्गात पोरी कुठं बघतात ते तुम्हाला कुठून दिसणार, तुम्ही तर मागच्या बाकावर.

ताई, राग नसावा, एक इचारू का? तुमची बहीण आता कशी हाय? घरच्यांशी बोलती का?

बालाघाट_ताई:
राग कसला दादा. बरी हाय, दोन लेकरं हायेत. दिवाळीला येती, दोन दिवस राहती. मामाला पाण्याचा तांब्या नेऊन देती पण बोलत नाही, मामाही मान खाली घालून पितात. घरातलं सगळं काम करती. फक्त सुपाला हात लावत नाही, ज्वारी मामीच निवडती.